दमीबायचा जबाब

आमच्या संपात चहा फुकट मिळत नसे. आधी भीती सांगावी लागे.

सकाळी साडेनऊला दमीबाय तारापूरकडून येणाऱ्या शेअर रिक्षातून उतरायची. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात काचेच्या ग्लासांची पिशवी. वाचनालयाच्या बंद फाटकासमोर आम्ही निळी ताडपत्री बांधून मांडव घातला होता, त्यात येऊन ती सतरंजीवर बसकण मारायची. आम्ही तिघं हात पुढे करायचो. ती थर्मासचं झाकण दाबून धरायची.

"आदी बोला. आज कोणाला कसली भीती वाटते हाय?"

पहिला नंबर संखे सरांचा. ते आमचे ग्रंथपाल, ब्लडप्रेशरचे जुने गिऱ्हाईक. "आज गोळी घेतली की नाही ते आठवत नाहीये. त्याचीच भीती वाटतेय." त्यांना चहा मिळायचा. मग अभ्यासिकेचे रखवालदार तिवारीजी. वीस वर्षं बोईसरला काढलेली, मराठी सगळं समजायचं, पण बोलायला लाजायचे. "मौसी, हमको ये डर है, गाँव में बाबूजी को पता चला तो कहेंगे, किताबों की जगह में हड़ताल करता है, नालायक." त्यांनाही मिळायचा. शेवटी मी, देवघेव काउंटरवरची सुजाता.

"मला नाही बाई कसली भीती."

दमीबाय माझ्याकडे बघत बघत ग्लास भरायची आणि अर्ध्यावर थांबायची. "खोटं बोललीस. अर्धाच चा."

आणि खरंच खोटं होतं ते. चौघांत सगळ्यात भित्री मीच. पाल दिसली तर पलंगावर चढणारी बाई मी! नवरा कारखान्यात कंत्राटावर, बारा तासांच्या पाळीला. सरावलीत भाड्याच्या दोन खोल्या, दोन पोरं शाळेत. माझी नोकरी गेली तर घर कसं चालणार, ह्या विचाराने मला धड जेवणसुद्धा जात नव्हतं. पण ते चारचौघांत बोलायचं कसं? आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, भ्यालीस तरी दाखवू नको. दमीबायला हे मुळीच पटत नसे. "मासळी आणि भीती, दोन्ही उन्हात टाकायची गो. झाकून ठेवली की किडे पडतात."

स्वतःची भीती ती सगळ्यांनंतर सांगायची, आणि ती रोज नवी असायची. कोपऱ्यावरच्या काळ्या कुत्र्याची, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनची, तिच्या मुलाची होडी लांब गेली असेल तर वाऱ्याची. एकदा म्हणाली, "आज मला वाटते, मी कायम न होताच मरणार. मंग लोक बोलतील, हंगामी होती, हंगामीच गेली." संखे सर हसले. ती हसली नाही.

तिचं पूर्ण नाव दमयंती मेहेर. हुद्दा शिपाई. बावीस वर्षं नोकरी आणि बावीस वर्षं हंगामी. माझी नऊ, तिवारीजींची अकरा, आम्हीही हंगामीच. पगार चार-चार महिने यायचा नाही, अनुदान आलं नाही म्हणायचे. शेवटी आम्ही अर्ज दिला : पगार वेळेवर द्या आणि तिघांना कायम करा. कार्यकारिणीने अर्ज ठेवून घेतला आणि वर सुनावलं, जमत नसेल तर घरी बसा. आम्ही घरी न बसता फाटकासमोर बसलो. त्यांनी फाटकाला कुलूप ठोकलं. एवढीशी ती गोष्ट. पण ज्याची नोकरी तिच्यावर टांगलेली असते त्याला ती एवढीशी वाटत नाही.

वयाने दमीबाय माझ्या आईएवढी, पण तिला 'तुम्ही' म्हटलेलं चालत नसे. "तुमी बोलली की साहेब आल्यासारखं वाटते, उठून उभी राहावं लागते." साहेबांना ती फार भ्यायची. सचिवांची गाडी वळताना दिसली की हातातला झाडू खाली ठेवून पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि कपाटाआड जाऊन उभी राहायची. ह्या बाईला कोणी शूर म्हटलं तर मीच हसेन. तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुपारी कुठल्याशा कारखान्यातून वायू सुटला. डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, रस्त्यावर लोक सैरावैरा पळत होते. आम्हीही पळालो, दमीबाय सगळ्यांच्या पुढे. रेल्वेच्या पुलापाशी पोचलो आणि ती एकदम थांबली. "आजोबा!" एक पेन्शनर रोज वर्तमानपत्र तोंडावर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपायचे, ते आतच राहिले होते. दमीबाय रडायला लागली. भर रस्त्यात, मोठ्याने. "मला नाय जायचं गो, मला मरायचं नाय!" असं ओरडत ती उलट्या दिशेने धावत सुटली. आजोबांना दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं, आणि पुलापर्यंत त्यांना शिव्या घातल्या. "घरात बिछाना नाय काय तुमाला? मी मेली असती आज!" आजोबा बिचारे माफी मागत होते.

तर असली ती. भीतीने थरथरणार, बोलून दाखवणार, आणि करायचं ते करणार. मी न थरथरता काहीच न करणाऱ्यांपैकी.

वाचनालयाच्या माणसांना संप करता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. आयुष्य गेलं लोकांना 'शांतता राखा' सांगण्यात. संखे सरांनी घोषणा दिली, "आमच्या मागण्या!" आणि आम्ही तिघांनी इतक्या हळू आवाजात "मान्य करा" म्हटलं की समोरचा वडापाववाला विचारायला आला, काय हवं आहे म्हणून. सरांनी चिडून पुन्हा घसा ताणला, तसं दमीबायचं बोट आपोआप ओठांवर गेलं. "शूऽऽ!" मग तीच जीभ चावून म्हणाली, "सवय हो, सर." बोईसरचे रिक्षावाले, कंपनीच्या बसमधली पाळीची माणसं, सगळी आमच्याकडे बघून हसत जायची. टँकर गेला की धुळीने ग्लास भरायचे.

चौथ्या दिवशी समोर मोटारसायकलवर दोन माणसं येऊन बसली. काही बोलत नव्हती, नुसती बघत होती. अधूनमधून एकजण मोबाइल वर करून आमचा फोटो काढायचा. संखे सर म्हणाले, लक्ष देऊ नका, आणि स्वतः दर मिनिटाला लक्ष देत राहिले. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला, जणू त्याने ओळख लपणार होती. दुपारी नवऱ्याचा फोन आला : "मुकादम विचारत होता, तुझी बायको ती संपवाली का?" मी फोनच बंद करून टाकला.

दमीबाय उठली. दोन ग्लास चहा भरला आणि रस्ता ओलांडून त्या माणसांकडे गेली. ती तिथे बराच वेळ उभी राहिली, मग रिकामे ग्लास घेऊन परतली.

"काय म्हणाले?"

"बोलले आमाला नुसतं बसायला सांगितलं हाय. मी विचारलं, तुमाला कसली भीती? तो जाडा बोलतो, मावशी, ऊन लागून चक्कर येईल याची." ती खाली बसली. "मला पाणी दे गो आदी."

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं आमच्याच ताडपत्रीच्या कडेला सावलीत गाडी लावून बसू लागली. त्याने भीती कमी झाली का? मुळीच नाही. नुसती जवळ आली.

आता चूक सांगते. ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची चूक.

वाचनालयाला कुलूप लागलं तरी वाचकांच्या घरातली पुस्तकं काही संपावर गेली नव्हती. पाचव्या दिवशी एक निवृत्त बाई पिशवीतून पुस्तक घेऊन आल्या. फाटक बंद बघून गोंधळल्या. आज शेवटची तारीख होती म्हणाल्या, दंड नको. आणि दमीबायने हात पुढे केला. इतका सहज की तिलाही कळलं नसावं. पुस्तक घेतलं, पानं फडफडवली, आत काही राहिलंय का बघितलं, पदराने धूळ पुसली आणि शेजारी ठेवून दिलं.

"दमीबाय," संखे सर दबक्या आवाजात म्हणाले, "आपण संपावर आहोत. देवघेव बंद आहे."

"द्यायचं बंद हाय सर. आलेलं परत कसं पाठवू? होडी किनाऱ्याला लागली की दोर धरायचा. कोणाची हाय ते मंग बगायचं."

ही बातमी कशी पसरली देव जाणे. सालवडहून, स्टेशनपलीकडून, कंपनीच्या कॉलनीतून लोक पुस्तकं घेऊन यायला लागले. काही थांबून दोन शब्द बोलायचे, एका बाईंनी आमच्यासाठी पोहे आणले. दमीबायने मुलाकडून मासळीचा एक प्लास्टिकचा क्रेट घासून-धुऊन आणला आणि पुस्तकं त्यात रचली. चाळीसच्या वर गेली. मी म्हटलं, निदान वहीत लिहून ठेवते, कोणाचं कुठलं. संखे सर म्हणाले, "नको नको, लिहिलं की पुरावा होतो." त्या माणसाला कागदाची भीती. असे आम्ही शहाणे! पुस्तकं घेत होतो आणि नोंद करत नव्हतो.

आठव्या दिवशी सचिव स्वतः आले, बरोबर एक फोटोवाला. क्रेटचे चारी बाजूंनी फोटो काढले. आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास हवालदार आला. वाचनालयाची मालमत्ता संपकऱ्यांनी बाहेर काढून स्वतःजवळ ठेवली, अशी तक्रार होती. "चोरीचा अर्ज आहे. उद्या अकरा वाजता चौघांनी ठाण्यात या. पुस्तकं घेऊन. घरी कोणाकडे असतील तर तीसुद्धा."

चोरी! संखे सर सतरंजीवर बसले ते उठेनात. तिवारीजींनी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. मीच म्हटलं, "क्रेट मागच्या भिंतीवरून आत टाकून देऊ. आपल्याकडे काही नव्हतंच म्हणायचं." सरांनी मान डोलावली. दमीबायने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आता नाय केली ती चोरी. टाकली तर व्हईल," म्हणाली आणि क्रेटवर ताडपत्रीचा तुकडा बांधू लागली.

माझी खरी भीती मात्र तिथे नव्हतीच. ती माझ्या घरी फ्रिजवर होती.

संपाच्या आदल्या शनिवारी मी भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक घरी नेलं होतं. नोंद न करता. आम्ही कर्मचारी सगळेच असं करायचो, सोमवारी लिहू म्हणून पिशवीत टाकायचो. सोमवारी संप सुरू झाला, कुलूप लागलं, आणि पुस्तक फ्रिजवरच राहिलं. हवालदाराचं ते शेवटचं वाक्य माझ्या कानातून जाईना. पोलीस घरी आले तर? मुकादमाला कळलं तर? नवऱ्याला काही सांगितलं नाही. सकाळी पुस्तक डब्याच्या पिशवीत घातलं, मांडवात पोचले, आणि संखे सर, तिवारीजी वडापाववाल्याकडे गेलेले बघून ते क्रेटमध्ये मधोमध खुपसलं. पुसायलाही सुचलं नाही, कव्हरवर भाजीचं तेल लागलेलं.

वळले तर दमीबाय मागे उभी. थर्मास हातात.

पुढे येऊन तिने ते पुस्तक बाहेर काढलं, पदराने तेल पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. त्या दिवशी तिने चहाआधी कोणालाच काही विचारलं नाही. आम्हा तिघांनाही नुसता पूर्ण ग्लास भरून दिला.

ठाण्यात फौजदार मॅडम होत्या, तरुण, कामाच्या गडबडीतल्या. सचिव आधीच खुर्चीत. आम्ही उभे. तिवारीजींनी क्रेट टेबलावर ठेवला. मॅडमनी विचारलं, "ही पुस्तकं लोकांनी आणून दिली म्हणता. तुम्ही आतून काढलेली नाहीत कशावरून? काही नोंद?"

नोंद नव्हती. आणि मग संखे सरांचा चेहरा एकदम उजळला. नऊ दिवसांत त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या धंद्यातला प्रश्न विचारला गेला होता. "मॅडम, सोपं आहे! आमच्याकडे अजून कार्डपद्धत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर पाकीट असतं, त्यात त्या पुस्तकाचं कार्ड. वाचकाला पुस्तक दिलं की कार्ड काढून आमच्या ट्रेमध्ये ठेवतो. म्हणजे पाकीट रिकामं असेल तर पुस्तक रीतसर बाहेर गेलेलं. कार्ड आत असेल तरच ते न विचारता नेलेलं. बघा तुम्ही, एकातही कार्ड सापडणार नाही."

नऊ वर्षं काउंटरवर बसून दिवसाला शेकडो कार्डं काढणारी मी. पण त्या एका पुस्तकातलं कार्ड काढायचं मला सुचलं नव्हतं.

मॅडमनी हवालदाराला खूण केली. तो एकेक पुस्तक उचलायचा, मागचं पान उघडायचा, म्हणायचा, "रिकामं." बाजूला ठेवायचा. "रिकामं." संखे सर प्रत्येक वेळी मान हलवत होते. "रिकामं. रिकामं." सचिवांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती, ती हळूहळू थांबली. आम्ही सुटत होतो. चौघंही सुटत होतो, आणि मला तेल लागलेलं ते कव्हर दिसत होतं. वर तीन पुस्तकं. मग दोन. बोल, आत्ताच बोल, आधी सांगितलंस तर चूक म्हणतील, नंतर चोरी म्हणतील, हे सगळं मला स्वच्छ कळत होतं. जीभ हलेना.

"ह्यात आहे," हवालदार म्हणाला.

सचिव पुढे झुकले. संखे सरांनी पुस्तक हातात घेतलं, कार्ड काढून बघितलं, पुन्हा आत घातलं, पुन्हा काढलं. "हे... हे कसं काय?"

"कोणी नेलं होतं हे?" मॅडमनी विचारलं.

मी फरशीकडे बघत होते. फरशीवर शाईचा एक डाग होता, तो अजून डोळ्यांसमोर येतो.

"मी," दमीबाय म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती, आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. "मी नेलं मॅडम. घरी. न लिवता."

"तुम्ही वाचता का?"

"वाचते ना. हळूहळू वाचते."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. एका पुस्तकासाठी गुन्हा दाखल करायचा का, असं त्यांनी सचिवांना विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून त्यांना करायचा नव्हता हे कळत होतं. सचिव म्हणाले, गुन्हा राहू दे, पण लेखी हवं. कोरा कागद पुढे आला. दमीबाय म्हणाली, "माजं अक्षर कोणाला लागत नाय."

"अक्षर चांगलं कोणाचं आहे?" मॅडमनी विचारलं.

"सुजाताचं," संखे सर म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

मी खुर्चीत बसले. मी पेन घेतलं. *मी, दमयंती मेहेर, लिहून देते की, वाचनालयाचे एक पुस्तक मी नोंद न करता घरी नेले होते. माझी चूक झाली.* सुरेख, ठसठशीत अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं. पुस्तकाचं नाव घालायला सांगितलं, तेही घातलं. कागद तिच्यापुढे सरकवला. तिने माझ्याकडे बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मला आजही वाटतं की ती वाट बघत होती. मग तिने सही केली.

बाहेर आल्यावर मी तिच्या मागे धावले. "दमीबाय, तू का म्हणालीस? का गं?"

"मला माहीत नाय!" ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "तोंडातून गेलं. तू बोलत नव्हतीस, कोणीतरी बोलायला पायजे होतं. आता मला लय भीती वाटते हाय. तू बोलू नको माज्याशी. जा तू. जा जरा वेळ!" आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली. तिचं गाव उलट्या बाजूला होतं.

चार दिवसांनी तोडगा निघाला. कार्यकारिणीने पगार वेळेवर द्यायचं कबूल केलं, हंगामी लोकांना कायम करायचंही कबूल केलं. फक्त सचिवांनी माझ्या अक्षरातला तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हिला नाही, हिला आता कामावरच घेता येणार नाही. संखे सर अर्धा तास भांडले. ह्या माणसाचा आवाज एवढा चढतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिवारीजी म्हणाले, "मौसी नहीं तो हम भी नहीं." मी काय म्हणाले? मीसुद्धा 'दमीबाय नाही तर मीही नाही' म्हणाले. मोठ्याने म्हणाले. जे म्हणायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं म्हणाले.

दमीबाय दारात उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. "तुमा दोघांचं व्हते ना? घ्या मंग," म्हणाली. "पोरं हायेत तुमची." त्याच दुपारी फाटक उघडलं. ताडपत्री सोडायलाही तीच थांबली, दोऱ्या नीट गुंडाळून दिल्या.

त्यानंतर वर्षभर ती दिसली नाही. मुलाबरोबर मासळी वाळवते, असं कोणीतरी सांगितलं. तिच्या गावाची रिक्षा माझ्या रस्त्यावरून रोज जाते. तीत बसायचं मी दर रविवारी ठरवलं आणि दर रविवारी पोरांचं काहीतरी निघालं. खरं सांगू? पोरांचं काही निघत नव्हतं.

मग एका मंगळवारी दुपारी काउंटरपुढे रांग होती. मी मान खाली घालून पुस्तकं घेत होते. समोर एक हात आला, त्यात सभासदत्वाचा कोरा फॉर्म आणि दोन फोटो. हात ओळखीचा होता. वर बघितलं तर दमीबाय. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा. बावीस वर्षं काउंटरच्या ह्या बाजूला वावरलेली बाई पहिल्यांदाच त्या बाजूला, रांगेत उभी होती.

"सभासद व्हायचं हाय," ती म्हणाली. "चष्मा आणला नाय. तू भर गो."

मी फॉर्म भरला. नाव, गाव, वय. ती मान वाकवून बघत होती. खालच्या ओळीपाशी मी थांबले. तिथे शिफारस करणाऱ्याची सही लागते, नावासकट. वाचनालयाचा कोणीही जुना सभासद किंवा कर्मचारी चालतो. माझ्या मागे सचिवांच्या केबिनचं दार उघडं होतं, आणि ते आत होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता.

काय झालं असतं? फार तर बोलावून विचारलं असतं, कोणत्या आधारावर शिफारस केलीत म्हणून. मी आता कायम आहे. मला कोणी काढू शकत नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, आणि पेन धरलेला माझा हात फॉर्मवर तसाच राहिला.

"साहेबांना... विचारावं लागेल," मी म्हणाले. "उद्या येशील?"

दमीबायने सहीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फॉर्म हळूच माझ्या हाताखालून ओढून घेतला, दोन्ही फोटो त्यावर ठेवले, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला.

"राहू दे गो," ती म्हणाली. "तुला उगाच त्रास."

रांगेतून बाजूला होऊन ती दाराकडे गेली. मागून येणाऱ्या एका मुलीला वाट दिली, उंबऱ्यावर चप्पल चढवली. तेवढ्या वेळात मला तिला हाक मारता आली असती. सचिवांच्या केबिनसमोर, त्या सगळ्या रांगेसमोर, नुसतं 'दमीबाय' म्हणता आलं असतं.

मी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "पुढचं कोण?"